एम्युलेटर नव्हे, वेगळा सिस्टिम कॉल टेबल

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिनक्सची बायनरी (कंपाइल केलेला तयार प्रोग्राम) चालवली की ‘एम्युलेशन’मुळे, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमची नक्कल करावी लागल्यामुळे, ती मंद पडणारच, असं म्हटलं जातं. मला हा मुद्दा पटत नाही. प्रोसेसरच्या सूचना इथे थेट चालतात, त्यांचं भाषांतर होतच नाही. बायनरी लोड करताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिच्यावरची ईएलएफची (बायनरीच्या फाइल फॉरमॅटची) खूण ओळखतो आणि त्या प्रोसेसला लिनक्सचा सिस्टिम कॉल टेबल (प्रोग्राम कर्नलकडे जी कामं मागतो, त्यांची नंबरवार यादी) जोडून देतो. म्हणजे ६४-बिट इंटेलवर ‘राइट’ (डेटा लिहिणं) हा लिनक्सचा १ नंबरचा कॉल, फ्रीबीएसडीचा ४ नंबरचा, काम तेच.

खरी गंमत एरर कोडमध्ये, म्हणजे कॉल फसला की परत येणाऱ्या आकड्यांमध्ये आहे. ‘ईअगेन’ लिनक्समध्ये ११ आणि फ्रीबीएसडीत ३५. ‘ईडेडएलके’ बरोब्बर उलटा, तिकडे ३५ आणि इकडे ११! हा आकडा बदलायचा राहिला, तर ‘पुन्हा प्रयत्न कर’ असं सांगायच्या जागी प्रोग्रामला ‘डेडलॉक झाला’, म्हणजे एकमेकांची वाट बघत सगळं अडकलं, असं कळणार. असले बग शोधताना डोकं फिरतं.

अडतं ते वेगाशी नाही, व्याप्तीशी. लिनक्सच्या कर्नलमध्ये नव्या सोयी वाढतच राहतात: ईपोल, फ्युटेक्स, नेमस्पेस, सीग्रुप. मागे धावायचं किती? फ्रीबीएसडीच्या भावंडाने, ओपनबीएसडीने, २०१६ मध्ये ६.० आवृत्तीत लिनक्सच्या बायनरी चालवणारा आपला असाच थर काढूनच टाकला. मायक्रोसॉफ्टनेही डब्ल्यूएसएलच्या (विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवायच्या सोयीच्या) पहिल्या आवृत्तीत कॉल भाषांतरित केले आणि दुसरीत सरळ खरा लिनक्स कर्नल व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला.

सोर्स कोड हाताशी असेल तर नेटिव्ह बिल्डच करा, म्हणजे तो फ्रीबीएसडीसाठीच कंपाइल करा. फक्त बायनरी मिळणारा प्रोग्राम असेल, तर मात्र हा थर बिनधास्त वापरा.