एचआरच्या एमबीएत प्रकल्पासाठी प्रश्नावली सर्वेक्षण बंदच करावं का?

सरळरेघ
एचआर घेऊन एमबीए करणाऱ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प एकाच साच्यातून निघतात. 'समाधान', 'बांधिलकी', 'नोकरी सोडण्याचा इरादा' यांतले दोन शब्द उचलायचे, पंचवीस विधानं लिहायची, फॉर्मची लिंक ओळखीपाळखीत फिरवायची, शंभर उत्तरं आली की सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वर-खाली होतात याचा -१ ते १ मधला आकडा) काढायचा आणि 'समाधान वाढलं की बांधिलकी वाढते' असं छापून मोकळं व्हायचं. हे बंद करावं असं माझं मत आहे.

मोठ्या समूहाबद्दल ९५ टक्के विश्वासपातळीवर ± ५ टक्क्यांच्या आत काही सांगायचं तर यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले ३८५ लोक लागतात. ३०० जणांच्या कंपनीतही १६९. लिंकवर आलेल्या शंभरांना तर हा हिशेब लागूच होत नाही.

त्यापेक्षा कंपनीच्या नोंदी घ्या. वर्षाच्या सुरुवातीला २०० माणसं, शेवटी २४०, मधे ४४ गेली. सरासरी संख्या २२०, म्हणजे गळती २० टक्के. इथवर कोणीही येतं. पण त्या ४४ पैकी ३० जण पहिल्या नव्वद दिवसांत गेले असतील तर दुखणं पगारात नसून भरतीत किंवा रुजू करून घेण्यात असण्याची शक्यता जास्त. हे कुठली प्रश्नावली सांगणार?

पाचपैकी_तीन
३८५ चा आकडा टक्केवारीच्या अंदाजासाठी आहे. दोन गोष्टींतला संबंध तपासायचा असेल तर गणित वेगळं: ०.३ इतका सहसंबंध ८० टक्के वेळा सापडावा, ५ टक्के सार्थकता पातळीवर (नसलेला संबंध योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्के धरून), तर साधारण ८५ जण पुरतात. तेव्हा शंभर म्हणजे कमी, हा आक्षेप बाद. नमुना कसा गोळा केला हा आक्षेप मान्य, पण तो वेगळा.

आणि नोंदी देतंय कोण? बाहेरच्या विद्यार्थ्याला वेतनाची, राजीनाम्यांची फाइल सहज मिळत नाही. प्रश्नावली निदान मोजमाप शिकवते. 'माझे वरिष्ठ न्यायी आणि मदत करणारे आहेत' हे विधान का चुकीचं? एकात दोन प्रश्न आहेत. वरिष्ठ न्यायी असतील पण मदत करत नसतील तर माणसाने कुठे खूण करायची? हे कळायला एकदा स्वतः प्रश्नावली करून फसावं लागतं.

उलटपान
फसतात, पण कुठे फसलो ते कळत नाही, ही खरी अडचण. नेहमीचा प्रकार: क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा (१ च्या जवळ तितका जास्त), ०.४ येतो, कधी ऋणही येतो, मग विद्यार्थी घाबरून विधानं उडवत सुटतात. बहुतेकदा नकारार्थी विधानांचे गुण उलटवलेले नसतात. १ ते ५ गुणांच्या मापनात ६ वजा उत्तर, एवढंच करायचं असतं. याच्या उलट, अल्फा ०.९५ आला म्हणून पेढे वाटणारेही आहेत. एकच प्रश्न वीस प्रकारे विचारला की अल्फा फुगणारच. स्वतः विधानं रचण्यापेक्षा तपासलेलं मापन वापरा. कामातल्या गुंतलेपणासाठी उट्रेख्ट मापनाची ९ विधानांची आवृत्ती आहे. मात्र भाषांतर करून दुसऱ्याकडून ते परत मूळ भाषेत आणा, नाहीतर विधानाचा अर्थ सरकतो.

सरळरेघ
@पाचपैकी_तीन, ८५ चा मुद्दा बरोबर, तो आक्षेप मागे घेतो. पण मूळ रोग तसाच आहे. समाधानही तोच माणूस भरतो, बांधिलकीही तोच, एकाच बैठकीत. त्या दिवशी मूड चांगला असेल तर दोन्हीकडे वरचे आकडे. जो संबंध सापडतो त्यात किती खरा आणि किती एकाच हाताने भरल्याचा, हे सांगता येत नाही. वर हार्मनची एक-घटक चाचणी (सगळ्या उत्तरांमागे एकच घटक आहे का ते पाहणारी) जोडून 'दोष नाही' लिहितात. ती चाचणी इतकी ढिली आहे की तिने कुणालाही पास करावं.

खातेवही
यावर उपाय आहेत, पण फुकटचे नाहीत. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन भागांत भरून घ्या, किंवा कामगिरीचे गुण वरिष्ठांकडून घ्या. दोन्हींत उत्तरं जुळवायला खूणक्रमांक लागतो. खूणक्रमांक दिसला की लोक सावध होतात. म्हणून तो त्यांनाच बनवू द्या आणि पाचपेक्षा कमी माणसांच्या विभागाचे आकडे वेगळे दाखवू नका.

नोंदी मिळत नाहीत हे मात्र अर्धसत्य. 'तुमचा डेटा द्या' म्हटलं की नकारच येणार. पाचच रकाने मागा: रुजू तारीख, सोडल्याची तारीख, विभाग, श्रेणी, वयोगट. नावं नकोत, जन्मतारीख नको. पगार लागलाच तर त्याऐवजी वेतनश्रेणीच्या मध्याशी टक्क्यांतलं गुणोत्तर मागा. ९० म्हणजे मध्यापेक्षा दहा टक्के खाली. गोपनीयतेचं पत्र सोबत न्या आणि पहिल्याच आठवड्यात मागा, आठव्यात नाही. सोडण्याचं कारण हा रकाना मी मुद्दाम गाळलाय. त्यात 'वैयक्तिक कारण' याशिवाय फारसं काही सापडत नाही.

पाचपैकी_तीन
फाइल मिळाली तरी चुका संपत नाहीत. गेलेल्यांचीच सरासरी सेवा काढून 'माणूस इथे १४ महिने टिकतो' असं लिहिणारे कमी नाहीत. जे अजून काम करताहेत त्यांना हिशेबातून वगळलं की टिकाव खोटाच कमी दिसतो. त्यासाठी कॅप्लन-मायर वक्र (अजून टिकलेल्यांनाही धरून, किती काळानंतर किती टक्के उरतात ते दाखवणारा) लागतो, आणि तो एचआरच्या वर्गात फारसा कोणी शिकवत नाही. मग प्रश्नावली बंद करून हातात काय देणार?

सरळरेघ
तो वक्र एक्सेलमध्येही काढता येतो. दर महिन्याला त्या टप्प्यापर्यंत पोचलेले किती, त्यातले गेले किती, उरलेल्यांचं प्रमाण आधीच्या प्रमाणाला गुणत जायचं. एका दुपारचं काम.

उलटपान
एका दुपारचं काम शिकवणाऱ्याला, ज्याला येतं त्याला. बंदी घालण्यापेक्षा मूळ फाइल अहवालासोबत जमा करायला लावा आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ती उघडा. सरळ रेषेत सगळीकडे ४ भरलेल्या ओळी आणि तीन मिनिटांत आलेली वीस उत्तरं तिथेच दिसतील.

सरळरेघ
व्हायवाला बसणाऱ्यानेच आयुष्यभर तसलेच अहवाल तपासले असतील तर तो कशाला उघडेल?