कांद्यावरचं शुल्क : बांगलादेशचं गिऱ्हाईक तुटलं ते कुणामुळे?

गोल्टी :
ढाक्यातलं सरकार बदललं म्हणून आपला कांदा थांबला, असं आमच्या बाजार समितीत सर्रास बोललं जातं. मला पटत नाही. ऑगस्ट २०२४ पर्यंत तिथे शेख हसीनाच होत्या आणि दिल्लीशी त्यांचं चांगलं जमायचं. व्यवहार बिघडला तो त्यांच्याच काळात.

सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात बंद केली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत उद्योजकांसमोर हसीनाबाई हिंदीत म्हणाल्या, स्वयंपाक्याला सांगितलंय, जेवणात कांदा बंद. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, हेही सांगितलं. लोक हसले, विषय संपला. वर्षाच्या आत, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा तशीच अचानक बंदी! तेव्हा मात्र ढाक्यानं लेखी नाराजी कळवली, आधी बोलणं झालं होतं त्याची आठवण करून देत. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क, सप्टेंबरात २० आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं शून्य.

शुल्क लावू नका असं मी म्हणत नाही. पण रात्रीतून नियम फिरवणाऱ्याकडून शेजारी किती दिवस माल घेईल?

दादरवासी :
शेतकऱ्याच्या बाजूनं बोललं की टाळ्या मिळतात, म्हणून उलटं बोलतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं शंभरी कधीच ओलांडली होती, कांदाही त्याच वाटेवर दिसत होता. सरकारनं काय करायचं होतं? पंधरा दिवस आधी जाहीर केलं असतं तर शुल्क लागायच्या आत निम्म्या कांदाचाळी (साठवणीच्या शेड) रिकाम्या होऊन माल सीमेपार गेला असता. असे निर्णय अचानकच घ्यावे लागतात. ढाक्याची नाराजी परराष्ट्र खात्यानं बघावी, माझ्या घरच्या भाजीच्या पिशवीनं नव्हे.

पेठकर :
दादरवासी, तुम्ही कधी घोजाडांगा किंवा पेट्रापोलच्या सीमानाक्यावर ट्रक अडकलेला पाहिलाय का? १९ ऑगस्ट २०२३ चा तो शनिवार होता. संध्याकाळी अधिसूचना आली तेव्हा आमच्या गाड्या बंगालमध्ये पोचलेल्या, सौदा जुन्या भावानं झालेला, पलीकडच्या पार्टीची एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडलेली. हिशेब करा : किलोला २५ रुपये भाव धरला तर शुल्क १० रुपये. पंचवीस टनांच्या गाडीला अडीच लाख. ते कुणी भरायचे? पार्टी म्हणते तुमच्या सरकारचा कर, तुम्ही बघा. आपण म्हणतो थोडं तुम्ही सोसा. तोवर खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटतं. दहा-दहा वर्षांची ओळख अशा दोन गाड्यांत संपते. इकडे सोमवारपासून लिलाव बंद, मग केंद्रानं २४१० रुपये क्विंटलनं खरेदी जाहीर केली. त्यात फक्त चांगल्या प्रतीचा माल खपतो. गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, कोण विचारतो? (धागाकर्त्यानं नावाचा राग मानू नये.)

आणि पूर्वसूचना दिलीच पाहिजे असंही नाही. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात अशीच एका दिवसात बंद केली, पण ज्यांची पक्की एलसी आधी निघालेली, त्यांचा माल सोडला. तीच सवलत त्या शनिवारी कांद्याला का नाही?

वरुडची आंबट :
नाशिकवाल्यांचं रडगाणं ऐकून झालं असेल तर आमच्याकडेही बघा. संत्र्यावर बांगलादेशचं आयातशुल्क २०१९ च्या सुमारास किलोमागे २० होतं, २०२३ पर्यंत ८८ वर गेलं. आंबिया बहाराची फळं झाडाखाली सडली. शेवटी राज्य सरकारला निम्म्या शुल्काइतकं अनुदान जाहीर करावं लागलं, म्हणजे बांगलादेशचा कर महाराष्ट्राच्या तिजोरीतून. तुमच्या कांद्याचा राग त्यांनी आमच्या संत्र्यावर काढला, दुसरं काय!

आकडेमोड्या :
ताई, ही सूडाची गोष्ट ऐकायला छान आहे, पण जुळत नाही. २०२२ मध्ये त्यांच्याकडे डॉलरची चणचण सुरू झाली तेव्हा परदेशी फळांवर सरसकट जादा शुल्क बसलं, सफरचंदं-द्राक्षंही त्यात आली. फक्त भारताचं संत्रं पाहून कुणी कर लावला नाही.

उलट, दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या तर २०११ पासून त्यांचा माल आपल्याकडे जवळजवळ बिनशुल्क येतो, हे या धाग्यात कुणीच म्हणत नाही. खरी उट्टं काढण्याची स्पर्धा २०२५ मध्ये झाली. एप्रिलमध्ये आपण आपल्या बंदरांतून-विमानतळांवरून तिसऱ्या देशात माल नेण्याची त्यांची सोय काढली, त्यांनी भूमार्गानं येणारं आपलं सूत अडवलं, मेमध्ये आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवर थांबवले. यात शुल्क एका पैशानं वाढलं नाही, तरी व्हायचं ते नुकसान झालंच. तेव्हा सगळं खापर शुल्कावर फोडू नका.

गोल्टी :
२०२५ चं मान्य, पण तोवर ढाक्यानं धडा गिरवून ठेवला होता. पाकिस्तान, चीन, इजिप्त, म्यानमार, मिळेल तिथून कांदा आणला. शिवाय उन्हाळी लागवडीसाठी शेतकऱ्यांना बियाणं वाटलं, त्यात आपल्या निफाडच्या केंद्रातला एन-५३ वाणही होता! आता त्यांचं पीक निघालं की ते आयातीचे परवाने बंद करतात आणि हिलीच्या नाक्यावर आपले व्यापारी ताटकळतात.

दादरवासी, तुमच्या भाजीच्या पिशवीबद्दल आकस नाही. पण मार्च २०२४ मध्ये, बंदी चालू असताना, ५० हजार टन कांदा सरकारनंच बांगलादेशला द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे माल देता येत होता, फक्त तो व्यापाऱ्यानं पाठवायचा नव्हता.

दादरवासी :
त्याला मी गैर म्हणणार नाही. सरकार ते सरकार व्यवहारात किती माल जातोय ते हातात राहतं. आणि कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार २०२४ ला पडल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी हिशेब चुकता केलाच की.

पेठकर :
तो मताचा झाला, गाडीचा राहिलाच. असो. यंदा पलीकडून फोन आला तर भाव नंतर बोला, आधी आयात परवान्याचा नंबर आणि मुदत विचारा. त्याशिवाय गाडी भरू नका.