मदत हवी आहे: पाना घेऊन फिरणाऱ्या सुपरहिरोसारखे आणखी सिनेमे सुचवा

मंडळी, परवा रात्री जेम्स गनचा 'सुपर' (२०१०) पाहिला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये. बायको सोडून गेलेला एक साधा स्वयंपाकी लाल पोशाख चढवतो आणि पाइप फिरवायचा पाना घेऊन लोकांची डोकी फोडत सुटतो. अंगात शक्ती वगैरे काही नाही. एक जण थिएटरच्या रांगेत मध्येच घुसतो, तर हा पठ्ठ्या गाडीत जाऊन कसाबसा पोशाख घालतो, परत येतो आणि पाना थेट त्याच्या टाळक्यात! मी खो-खो हसलो, मग रक्त दिसलं आणि हसू घशातच अडकलं. (रांगेत घुसणाऱ्यांचा राग मलाही येतो, पण इतका नाही हो.)

मला नेमकी हीच चव हवी आहे. त्याच वर्षीचा 'किक-ॲस' पाहिलाय. अकरा वर्षांची हिट-गर्ल भन्नाट आहे, पण तिथली मारामारी शेवटी शेवटी फार झकपक होते, लागल्यासारखं वाटतच नाही. वुडी हॅरल्सनचा 'डिफेंडर' (२००९) त्या मानाने हळवा. त्यात तो गोट्या आणि बरणीतल्या गांधीलमाश्या हत्यार म्हणून वापरतो, ते मात्र फार आवडलं.

तर असा सिनेमा सांगा ज्यात माणूस सामान्यच राहतो, मार खाल्ला तर हाड मोडतं आणि तो बरोबर की वेडा हे दिग्दर्शक आपल्यावरच सोडतो. कुठल्याही भाषेतला चालेल. फक्त शेवट फोडू नका, प्लीज.