लिसफ्रँकची (पावलाच्या मधल्या सांध्याची) दुखापत, ऑपरेशन नको म्हणालेत. अनुभव हवेत (ठाणे)

मंडळी, ठाण्याला पुलावरून नऊ-दहा नंबरवर उतरत होते, ऐरोलीची गाडी लागलेली. पायऱ्या संपल्या समजून पाऊल टाकलं, तर एक शिल्लक होती. चवडा दुमडला आणि सगळा भार त्यावर.

पहिला एक्स-रे झोपवून काढला. "मुरगळलाय, चालाल दोन दिवसांत." आईचा आंबेहळदीचा लेप झाला. चौथ्या दिवशी तळव्यावर, ऐन कमानीत, जांभूळ चिरडल्यासारखा डाग! तो बघूनच दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढला. दुसऱ्या बोटाचं लांब हाड मुळाशी बांधून ठेवणारं लिगामेंट दुखावलंय, पण हाडं सरकलेली नाहीत, फट २ मिलिमीटरच्या आत. म्हणून ऑपरेशन नाही. प्लास्टर, आणि ६ आठवडे पाय टेकवायचाच नाही.

ऑपरेशन नाही म्हटल्यावर सगळ्यांना ऐकू आलं ते "विशेष काही नाही". तिसरा मजला, लिफ्ट नाही, बसत बसत पायऱ्या उतरत होते, तरी शेजारच्या काकू रोज, "थोडा टेकव गं, आखडेल."

परवा प्लास्टर निघालं. पोटरी पार वाळलीय. आता वॉकिंग बूट (पाय धरून ठेवणारा कडक बूट) घालून "थोडा थोडा भार" द्यायचाय. थोडा म्हणजे किती? संध्याकाळी पाऊल सुजतं, चालतं का? लोकलने कधी जायला लागलात? फिजिओची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. स्क्रू बसवलेल्यांचे अनुभव भरपूर वाचले, बिनऑपरेशनवाल्यांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद (नेरुळहून):
मलाही हाच प्रश्न पडला होता. फिजिओने घरचा वजनकाटाच वापरायला लावला. दुखरा पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या पाटावर. ठरलेल्या किलोवर काटा आला की थांबायचं. दोन-तीन दिवसांत तो दाब पायाला कळायला लागतो. किती किलो ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सूज सकाळपर्यंत उतरत असेल तर घाबरू नका म्हणाले होते. उतरली नाही किंवा ठणका वाढला तर वाट बघत बसू नका, परत उभ्याने एक्स-रे. लोकल मी चौथ्या महिन्यात धरली, कडक तळाचे शूज आणि आत कमानीला आधार देणारा इनसोल घालून, तीही गर्दी टाळून. फरशीवर अनवाणी अजून चालत नाही. देवघरासाठी वेगळी चप्पल आहे, सासूबाईंनीच आणून दिली.