प्राचीन रोमचा इतिहास सर्वसामान्य श्रोत्यांना कसा सांगावा?

रोहिणी_वाचते: आमच्या वाचनालयात प्राचीन रोमवर चार व्याख्याने द्यायची आहेत. माझा आराखडा ऑगस्टस या पहिल्या सम्राटापासून सम्राटांच्या क्रमाने पुढे जातो. पण बहुतेक श्रोत्यांचा या विषयाशी शाळेनंतर संबंध आलेला नाही आणि सनावळी सुरू झाली की ते चुळबुळ करू लागतील, अशी धास्ती वाटते. विषय उथळ न करता सुरुवात कोठून करावी?

बखरवाला: विंदोलांडापासून करावी. उत्तर इंग्लंडमधील या रोमन छावणीच्या ओल्या मातीत हवा न पोहोचल्यामुळे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या टिकल्या. त्यांतील इ. स. १००च्या सुमाराच्या एका पत्रात क्लॉडिया सेव्हेरा ही अधिकाऱ्याची पत्नी आपली मैत्रीण सुल्पिसिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचे आग्रहाचे निमंत्रण देते. मुख्य मजकूर लेखनिकाच्या सराईत अक्षरात आहे, शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी मात्र तिने स्वतः लिहिल्या आहेत. ही दोन हस्ताक्षरे पडद्यावर मोठी करून दाखवावीत.

साधार: पत्र हृद्य आहे, परंतु एवढ्यावरच थांबल्यास श्रोते वाढदिवस लक्षात ठेवतील आणि साम्राज्य विसरतील. मी इटलीतील पाँपेईच्या भिंती निवडीन. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात निवडणुकीचा रंगवलेला प्रचार आजही वाचता येतो. फळविक्रेते आणि खेचरवाले आपापला उमेदवार पुढे करतात. वाटिया नावाच्या उमेदवाराला तर ‘रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या सर्वांचा’ पाठिंबा जाहीर झाला आहे, आणि ही बहुधा विरोधकांचीच खोडी असावी. आपल्या श्रोत्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. हशा ओसरला की विचारावे: गावच्या पदांसाठी एवढी चुरस, मग सम्राटाला मत कोणी दिले होते? तेथून, सिनेट ही सभा आणि कॉन्सल हे सर्वोच्च निवडलेले पद ही जुनी चौकट कायम ठेवून ऑगस्टसने सत्ता आपल्या हाती कशी एकवटली, हे सांगता येते. सनावळी तेव्हा जाचत नाही.

ब्रह्मपुरी: कोल्हापूरच्या उत्खननात सापडलेली, रोमन जगातून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती अवश्य दाखवावी. मात्र तिच्या आधारे येथे रोमन वसाहत होती, असे म्हणू नये. व्यापारातील वस्तू अनेक हातांतून फिरत येते. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो, ही थोरला प्लिनी या रोमन लेखकाची तक्रार तिच्या जोडीला शोभेल.

रोहिणी_वाचते: पहिल्या व्याख्यानासाठी पाँपेई निश्चित करते. त्या प्रचारात स्त्रियाही दिसतात का?

साधार: दिसतात. त्यांना मताधिकार नव्हता, तरी एका मद्यपानगृहाच्या भिंतीवर अॅसेलिना आणि तिच्या सोबतिणी उमेदवाराची शिफारस करतात.