काकांचा पीसी आणि 'मी रोबोट नाही'

कुलकर्णी काका, ए-१०२: सुप्रभात 🙏 कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्यांनी मदत करावी. चार दिवस झाले, गुगलवर काहीही शोधलं की विचारतं, तुम्ही रोबोट आहात का. सिग्नल निवडा, बस निवडा. आज पंचांग बघायला सात वेळा मोटारसायकली निवडल्या.

जोशी, बी-२०१: आमच्याकडे पाणी पण कमी दाबाने येतंय.

देशमुख, सेक्रेटरी: जोशी, पाण्याचं संध्याकाळी बोलू. काका, राउटर बंद करून परत लावा.

कुलकर्णी काका: तीनदा लावला.

स्नेहा, सी-६०३: काका, एवढ्यात पीसीवर फुकटचं व्हीपीएन, प्रॉक्सी, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधून फिरवून नेणारं असलं काही टाकलंय का?

कुलकर्णी काका: मी नाही गं. नातू आला होता. मॅच फुकट दिसते म्हणून काहीतरी टाकून गेला. मॅच काही दिसली नाही.

ओंकार, बी-३०४: ताई, फ्री प्रॉक्सी मी पण वापरतो. आयपी, म्हणजे आपल्या कनेक्शनचा नेटवरचा पत्ता, लपतो, उलट सेफच की.

स्नेहा: आयपी लपतो तो वेबसाइटपासून. प्रॉक्सीवाल्याच्या तर हातातूनच सगळं जातं. गावाहून एसटीच्या कंडक्टरकडे डबा पाठवतात ना, तसं. साइटच्या पत्त्यात सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर डब्याला कुलूप. कुठे चाललाय ते त्याला कळतं, आत काय ते नाही. साधं एचटीटीपी म्हणजे झाकण उघडं. चकली काढून घेईल, नाहीतर आत भलतंच काही टाकेल. तू उतरवत असलेली फाइल वाटेत बदलली तरी तुला पत्ता लागणार नाही.

आणि 'हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा' म्हणाला तर अजिबात नाही. ते केलंस की कुलपाची किल्लीच दिलीस. मग बँकेचं पानही तो वाचू शकतो, आणि ब्राउझरमध्ये कुलूप दिसत राहतं ते वेगळंच.

पाटील, सी-१०४: आमच्या कंपनीच्या लॅपटॉपवर पण प्रॉक्सी आहे, सर्टिफिकेटसकट.

स्नेहा: असणारच, लॅपटॉप त्यांचा. म्हणून त्यावर घरची बँक उघडायची नाही.

काकांचं लक्षण मात्र वेगळं वाटतंय. काका प्रॉक्सी वापरत नाहीयेत, बहुतेक काकाच प्रॉक्सी झालेत.

कुलकर्णी काका: म्हणजे?

स्नेहा: त्या फुकट ॲपने तुमचं कनेक्शन दुसऱ्यांना भाड्याने दिलं असणार. कुणीतरी तुमच्या आयपीवरून धडाधड शोध मारतोय आणि गुगल तुम्हाला रोबोट समजतंय. '९११ एस५' नावाचं असंच एक जाळं अमेरिकेने मे २०२४ मध्ये मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनमधून ते पसरलं होतं. १.९ कोटी आयपी पत्ते, जवळपास २०० देशांतले. गुन्हेगार पैसे मोजून ते पत्ते वापरायचे. म्हणजे फसवणूक करणार तो, आणि पत्ता निघणार आपल्या घरचा.

शिंदे वहिनी, ए-४०३: बाई गं. आमच्या त्या स्वस्तातल्या टीव्ही बॉक्सचं काय?

स्नेहा: वहिनी, बिनब्रँडचा असेल तर काढूनच ठेवा. 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या अशाच जाळ्यात असलेच बॉक्स होते, १ कोटीच्या वर. काहींत व्हायरस दुकानातूनच भरून आलेला. गुगलने जुलै २०२५ मध्ये त्यावर खटला भरला.

काका, सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉक्सी. काय दिसतंय?

कुलकर्णी काका: 'युज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू आहे. पत्ता १२७.०.०.१. हा कुठला म्हणायचा?

स्नेहा: तुमचाच पीसी. आत बसलेला कुठलातरी प्रोग्रॅम तुमचं सगळं येणंजाणं स्वतःमधून नेतोय. ते बंद करा. नातवाने टाकलेलं ॲप अनइन्स्टॉल करा, त्याच तारखेचं अजून काही अनोळखी दिसलं तर मला फोटो पाठवा, लगेच उडवू नका. मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. पीसी आपोआप बंद होऊन चालू होईल, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पासवर्ड आजच बदला, पण फोनवरून. त्या पीसीवरून नको.

देशमुख, सेक्रेटरी: सोसायटीच्या हिशोबाचा लॅपटॉप बघितला. प्रॉक्सी बंद आहे. हुश्श.

ओंकार: माझा चालू होता. बंद केला, रीस्टार्ट केलं की परत चालू.

स्नेहा: मग तो प्रोग्रॅम अजून आतच आहे. तू पण स्कॅन कर. सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट, म्हणजे असले लपून चालणारे प्रोग्रॅम, काढायची सरकारी, फुकट टूल्स आहेत. फुकटच हवं असेल तर ते घे. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

ओंकार: पैसे गेले नाहीत. नव्हतेच.

कुलकर्णी काका: स्कॅन झाला. दोन गोष्टी सापडल्या, काढल्या. प्रॉक्सी बंदच राहिलीय. पण गुगल अजून रोबोट म्हणतंय!

स्नेहा: आयपीचं नाव खराब झालंय काका, एकदोन दिवस लागतील. तोवर नातवासाठी पीसीवर वेगळं खातं करा, स्टँडर्ड युजर, ॲडमिन नाही. आणि ॲडमिनचा पासवर्ड त्याला सांगू नका. मग काही टाकायला गेला तर बऱ्याचदा तो पासवर्ड मागेल.

कुलकर्णी काका: केलं. नाव दिलंय 'पाहुणे'. आजी म्हणतात, त्याला वाईट वाटेल.