लाइव्ह ट्रॅफिक : बाई म्हणते म्हणून वळायचं?

कात्रजकर
काल 'नवी गाडी कुठली घ्यावी' या धाग्यावर निवांत_प्रवासी यांनी ठोकून दिलं की, "लाइव्ह ट्रॅफिक नसलेलं नेव्हिगेशन म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग. चार पैसे जास्त जातील, पण वरचंच मॉडेल घ्या." तिथं दोन ओळींत उत्तर देणार होतो. दोनाच्या वीस झाल्या, म्हणून वेगळा धागा.

पंचांगाचा विषय तुम्हीच काढलात. पंचांग निदान उद्याचं सांगतं. तुमचं लाइव्ह ट्रॅफिक रस्त्यावरची गर्दी पाच मिनिटांपूर्वीची सांगतं आणि तेच पुढच्या तासाचं भविष्य म्हणून खपवतं.

जानेवारीतल्या एका रविवारी साताऱ्याहून परत येत होतो. खेड शिवापूरच्या अलीकडे फोनमधली बाई बोलली, डावीकडे वळा, बारा मिनिटं वाचतील. वळलो. पहिला किलोमीटर झकास, मी बायकोकडे बघून भुवयाही उडवल्या. मग समोर उसाची ट्रॉली. मागे बघतो तर तीस-चाळीस गाड्या, प्रत्येकाच्या काचेमागे तीच निळी रेघ. गोठ्याजवळ खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. म्हणाले, "दर रविवारी येता. कोण धाडतंय तुम्हाला?" उत्तर नव्हतं. त्या बोळातून निघायला एक तास दहा मिनिटं लागली. आमच्या मागून साताऱ्याहून निघालेला मेहुणा फोन न बघता सरळ हायवेने आला आणि आम्ही पोचलो तेव्हा आमच्याच घरी चहा पीत बसला होता. अजून ऐकवतो.

निवांत_प्रवासी
म्हणजे एका उसाच्या ट्रॉलीपायी सगळं तंत्रज्ञान बाद. छान.

कात्रजकर, तुम्ही 'रस्ता बदलणं' एवढंच धरून बसलात. खरा उपयोग किती वेळ लागणार हे आधी कळण्याचा आहे. २०१९च्या डिसेंबरात आईला पहाटेच्या विमानाला सोडायचं होतं. रात्री साडेनऊला सहज बघितलं, तर नकाशावर बोर घाट काळपट लाल, म्हणजे तुंबलेला. अकराला निघणार होतो, दहाला निघालो. घाटात दीड तास गेला, तरी काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचलो. तुमच्या मेहुण्याच्या पद्धतीने गेलो असतो तर आई आजही सांताक्रूझला असती.

आणि हे शहर कुठलं ते तरी बघा. नकाशे बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात पुणे संथपणात जगात चौथं, दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद. अशा गावात आंधळेपणाने गाडी काढायची?

कात्रजकर
३३ मिनिटं २२ सेकंद! सेकंदसुद्धा! एवढी माहिती असूनही गाव चौथंच ना? थर्मामीटर विकत घेतल्याने ताप उतरत नाही हो.

आणि घाटाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. घाट लाल दिसला म्हणून तुम्ही वेगळ्या रस्त्याने गेलात का? नाही. जाणार कुठून? खंडाळ्यापासून आडोशी बोगद्यापर्यंत जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकाच पट्ट्यात येतात, मिसिंग लिंक या नव्या जोडरस्त्याचं काम त्याच कारणाने काढलं. पर्यायच नसेल तर लाल रंग बघून करायचं काय, देवाचं नाव घ्यायचं?

निवांत_प्रवासी
तासभर आधी निघायचं. वर लिहिलंय. वाचा.

सिग्नलवाला
दोघेही थोडं चुकताय. (याच क्षेत्रात काम करतो, कंपनी विचारू नका.)

रस्त्यावर कुणी कॅमेरे घेऊन बसलेलं नसतं. तुमच्या-आमच्या खिशातले फोन किती वेगाने सरकतायत, त्यावरून रस्त्याच्या तुकड्या-तुकड्याचा वेग काढतात. गूगलने फोनकडून असा वेग गोळा करायला २००९ साली सुरुवात केली. लोकांनी स्वतः अपघात-खड्डे कळवायचे ही वेझ या ॲपची पद्धत, ती इस्रायली कंपनीही २०१३ मध्ये गूगलनेच घेतली. पुढचा अंदाज बांधताना आत्ताच्या वेगात जुन्या नोंदी मिसळतात, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सातला हा रस्ता एरवी कसा असतो वगैरे. त्यामुळे 'पाच मिनिटांपूर्वीचं' हे अर्धंच खरं.

पण यातली गोम अशी की फोन नसतील तर माहिती नसते. बंद रस्ता आणि रिकामा रस्ता यांतला फरक, कुणी कळवल्याशिवाय, यंत्राला लवकर कळत नाही. दोन्हीकडे गर्दी नाही.

बावीस_वर्षं_स्टिअरिंग
हे शेवटचं वाक्य सोन्याने मढवा. मी टुरिस्ट गाडी चालवतो. दोन पावसाळ्यांपूर्वी महाडला पार्टी सोडायची होती. पार्टी मागून फोन दाखवते, "ड्रायव्हरदादा, वरंध घाट एकदम मोकळा आहे बघा." म्हटलं, साहेब, मोकळाच असणार, पावसात बंद ठेवतात तो. ऐकेनात. भोरच्या पुढे नेलं, बोर्ड दाखवला, परत फिरवलं आणि ताम्हिणीने उतरवलं. वरचं डिझेल कुणी दिलं ते विचारू नका.

घाटात रेंज नसते, तिथं कसलं आलंय लाइव्ह. आम्ही समोरून येणाऱ्या गाडीला हात करतो. तो दोन बोटं हलवतो, कळतं आम्हाला.

रोह्याचा_पाहुणा
मुंबई-गोवा महामार्गावर मात्र लाइव्ह ट्रॅफिक अजिबात लागत नाही. २०११ पासून काम चालू आहे, सगळं लालच. गणपतीला आम्ही कोल्हापूरवरून आंबा घाटाने गावी जातो, म्हणजे कोकणात जायला आधी देश बघायचा. यावर कुणी धागा काढणार आहे का?

सिग्नलवाला
पाहुणे, दर धाग्यावर हेच.

रोह्याचा_पाहुणा
रस्ता होईपर्यंत लिहिणार.

कात्रजकर
सिग्नलवाला, एक सांगा. पुण्यात निम्म्याहून जास्त फोन दुचाकीवर. ती गाड्यांच्या मधून, फुटपाथवरून, प्रसंगी डिव्हायडरच्या फटीतून जाते. तिचा वेग मोजून मला 'रस्ता हिरवा' सांगणार असाल तर मी गाडी फुटपाथवर घालू का?

सिग्नलवाला
रास्त प्रश्न. बर्लिनमध्ये एका कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घातले आणि रस्त्यावरून ओढत नेले, २०२०च्या फेब्रुवारीत ते गाजलं. रिकामा रस्ता नकाशावर लाल झाला. तेव्हा गूगलकडून उत्तर आलं होतं की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांत कार आणि मोटारसायकल वेगळी ओळखता येते, हातगाडीचं मात्र अजून जमलेलं नाही.

कात्रजकर
मंडईच्या आसपास राहणाऱ्यांनी मग काय करायचं?

गल्लीकर
सगळे आपापली मिनिटं मोजताय. ज्यांच्या दारातून ती वाचवता, त्यांचं काय?

आमची गल्ली कर्वेनगरात. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या अजून पन्नास गाड्या येतील. कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम होतं तेव्हा बाईने ही गल्ली शोधली. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, पण बाई काही गल्ली विसरली नाही. संध्याकाळी सहा ते नऊ रांग. पूर्वी इथं पोरं क्रिकेट खेळायची. माझी आई ८१ वर्षांची, समोरच्या दुकानातून दूध आणायची, आता रस्ता ओलांडायला वॉचमन लागतो. शेवटी आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून पाच स्पीडब्रेकर टाकले.

निवांत_प्रवासी
पाच?? त्या गल्लीतून मी गेलोय बहुतेक. ते स्पीडब्रेकर आहेत की पर्वती? माझ्या गाडीचं खालचं ऑइल चेंबर फुटलं. साडेसात हजार. पांढरे पट्टे नाहीत, बोर्ड नाही. रस्त्यावर स्वतःच्या मनाने उंचवटे घालायचा अधिकार कुणी दिला?

गल्लीकर
हळू आला असतात तर फुटलं नसतं. चाळीसने येत होतात ना? आणि तुम्हाला आमच्या गल्लीत काय काम होतं?

निवांत_प्रवासी
सार्वजनिक रस्ता आहे. काम असायची गरज नाही. रस्ता काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे?

गल्लीकर
सातबाऱ्यावर नसेल, पण तुमच्या हॉर्नने माझी नात झोपेतून उठते, तिच्या कानावर तर आहे? डेक्कनला चार मिनिटं लवकर पोचून तुम्ही नक्की काय करता हो? पार्किंगच शोधता ना?

बावीस_वर्षं_स्टिअरिंग
काका, बरोबर आहे तुमचं, पण पट्टे तरी मारा. रात्री आम्ही मरतो.

म्युनिककर
मी जर्मनीत, बायर्नमध्ये बारा वर्षं राहतो, इथला अनुभव सांगतो. सुरुवातीला जुनी गाडी होती, तिच्यात एफएमच्या लहरींवरून टीएमसी, म्हणजे वाहतुकीच्या सूचना यायच्या. "ए-आठ हायवेवर सात किलोमीटर स्टाऊ" (म्हणजे कोंडी) एवढंच. पर्याय आपला आपण शोधा. आता नव्या गाडीत गल्लीबोळ दिसतो.

त्याचा परिणाम बघा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ब्रेनर घाटावरून इटलीला निघालो. इन्सब्रुकच्या अलीकडे रांग. गाडी म्हणाली, इथं बाहेर पडा, गावातून जा, अठरा मिनिटं कमी. बाहेर पडायच्या वळणावर पोलीस उभा. कुठं निघालात? म्हटलं गार्दा तळ्याला. त्याने हसून परत हायवेवर पाठवलं. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये २०१९ पासून सुट्टीच्या हंगामात शनिवार-रविवारी ही बंदी करतात. त्या गावात तुमचं काम असेल तर जा, नुसतं पार व्हायला नाही. तेव्हा जर्मनीतून खूप ओरड झाली. मीही चिडलो होतो. पण परतीच्या वाटेवर मुलाला उलटी झाली म्हणून खरोखर त्यातल्या एका गावात थांबलो. एका बाईने नळी लावून पायपुसणं धुऊन दिलं. गाव इतकं शांत होतं की मला लाज वाटली.

गल्लीकर
हे! हेच म्हणतोय मी कधीपासून!

निवांत_प्रवासी
तिथं सरकारने नियम केला. तुम्ही डांबराचा ट्रक बोलावलात. थोडा फरक आहे.

गल्लीकर
सरकारने करेपर्यंत आईला दुकानाच्या पलीकडेच ठेवू का?

रोह्याचा_पाहुणा
टिरोलच्या घाटात खड्डे असतात का?

संपादक
वैयक्तिक शेरे आवरा. निवांत_प्रवासी यांचा एक प्रतिसाद आणि त्यावरचं गल्लीकर यांचं उत्तर उडवलं आहे. दोघांनीही घरचे लोक काढू नयेत. मूळ विषयावर या.

सिग्नलवाला
मूळ विषयावर येतो, पण गल्लीचा प्रश्न त्याला धरूनच आहे. ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की प्रत्येकाने स्वतःपुरता जलद रस्ता धरला, तर एखादा जादा रस्ता उपलब्ध झाल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. कात्रजकरांची ट्रॉली, गल्लीकरांची रांग, दोन्ही त्याच्याच जवळपासच्या गोष्टी. थोड्या लोकांकडे माहिती असते तेव्हा ती फार उपयोगी पडते. सगळ्यांकडे एकच माहिती आली की सगळे एकाच बोळात. वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळे रस्ते सुचवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण तुम्हाला मुद्दाम तीन मिनिटं लांबचा रस्ता दिलाय असं कळलं तर ते ॲप तुम्ही ठेवाल का?

निवांत_प्रवासी
नाही.

कात्रजकर
प्रामाणिक उत्तर. पहिल्यांदाच.

बावीस_वर्षं_स्टिअरिंग
अजून एक राहिलं. २०२१च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ गाडी धरणाच्या पाण्यात गेली, नकाशा बघत चालले होते. चालक गेला बिचारा. पूल पाण्याखाली, रात्रीची वेळ. तिथल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

निवांत_प्रवासी
वाईटच झालं ते. पण त्यात दोष नकाशाचा, ट्रॅफिकचा नव्हे. उलट रस्ता बंद असल्याचं कुणी वेळेत कळवलं असतं आणि ते लाइव्ह दिसलं असतं, तर तो वाचला असता. माहिती कमी पडली, जास्त झाली नाही.

कात्रजकर
हं. हा मुद्दा आहे. मान्य. (तारीख लिहून ठेवा.)

पण 'वरचं मॉडेल घ्या' हे अजिबात मान्य नाही. गाडीत बसवलेल्या पडद्याला पहिली काही वर्षं फुकट माहिती, मग वर्गणी. माझ्या साडूने ती भरली नाही. आता त्याचा तीन लाख जास्त देऊन घेतलेला पडदा फक्त गाणी वाजवतो आणि डॅशबोर्डवर त्याच्यापुढे फोन चिकटवलेला असतो.

निवांत_प्रवासी
बरं बाबा, फोन लावा. वरचं मॉडेल नका घेऊ. त्या वाक्यापुरती माघार. घाट बघून निघायचं यावर नाही.

कात्रजकर
घाटापुरतं मीही बघीन. वळणार मात्र नाही.

गल्लीकर
आमच्याकडची ताजी खबर. काल तोंडाशी पाटी लावली : "नकाशात दिसला तरी हा रस्ता पुढे कुठेही जात नाही. गाडी वळवायला जागा मिळणार नाही. नंतर भांडू नये." आज संध्याकाळी रांग निम्मी. दुसऱ्या तोंडाला लावायला अजून एक रंगवतोय.

निवांत_प्रवासी
वाचली. आत्ताच तिथून आलो. पुढे रस्ता आहे, आणि चार स्पीडब्रेकर मोजले. पाचवा कुठे गेला?